लपून वाचलेल्या ज्यू मुलांबद्दल तुम्ही विचारलेलं

मागच्या अंकात दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये लपवून ठेवलेल्या ज्यू मुलांवर दोन पानं लिहिली होती, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न बऱ्याच जणांनी आपापल्या शब्दांत विचारले होते ते घेतलेत.

प्रश्न : मी नववीला इतिहास शिकवते. डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकचं नाव मुलांना माहीत असतं, पण ती तर पकडली गेली. मग जी मुलं वाचली ती कशी वाचली, एवढ्या लहान मुलांना बाहेर काढलं कोणी, असं वर्गात विचारतात. थोडं सविस्तर सांगाल का? (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : ॲन फ्रँकमुळे आपल्याला वाटतं की सगळे तसेच लपले असतील, आईवडील मुलं सगळी एकत्र एका जागेत. तसं फार थोड्या कुटुंबांना जमलं. चार माणसं घरात लपवायची म्हणजे चार जणांचं जेवण, तेही रेशनच्या दिवसांत, चार जणांच्या पायांचा आवाज, आणि शेजारी तर असतातच. एकटं लहान मूल मात्र खपून जायचं, भाची आलीये शहरातून म्हणून सांगता यायचं. जर्मनांनी १४ मे १९४० ला रॉटरडॅमवर बॉम्ब टाकून शहराचा मध्यभाग जाळून टाकला होता, त्यामुळे ‘रॉटरडॅमची पोर आहे, घरदार गेलं’ एवढं म्हटलं की खेड्यात कोणी फार खोदून विचारायचं नाही. म्हणून मुलांना आईबापांपासून आणि बऱ्याचदा भावंडांनाही एकमेकांपासून तोडूनच लपवलं गेलं.

आता बाहेर काढलं कसं ते. ॲमस्टरडॅमला प्लांताज मिडनलान नावाच्या रस्त्यावर एक जुनं नाट्यगृह आहे, हॉलंडसे स्खाऊबुर्ख. १९४२ च्या उन्हाळ्यापासून घराघरातून उचललेल्या ज्यूंना जर्मन तिथे आणून कोंडायचे, तिथून वेस्टरबोर्कची छावणी, आणि वेस्टरबोर्कहून रेल्वेनी पूर्वेला, पोलंडमधल्या औशवित्झ नाहीतर सोबिबोरच्या मृत्युछावणीत. आत एवढी गर्दी व्हायला लागली की लहान मुलांना समोरच्या बाजूच्या पाळणाघरात ठेवायचं ठरलं. हे पाळणाघर आधीपासूनचं होतं, हेन्रिएट पिमेंटेल नावाच्या साठी ओलांडलेल्या ज्यू बाई ते चालवायच्या आणि त्यांच्या हाताखाली सगळ्या तरुण ज्यू मुली, काही तर सतरा-अठरा वर्षांच्या. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला आईबाप, दुसऱ्या बाजूला मुलं, आणि मध्ये ट्राम.

मुलं पळवायची तर पहिली अडचण कागदाची होती, कारण जर्मनांकडे प्रत्येकाची नोंद होती आणि गाडी भरताना नावं जुळवली जायची. नाट्यगृहातल्या ऑफिसचं काम वॉल्टर स्युसकिंड नावाच्या जर्मन ज्यू माणसाकडे होतं. त्याला जर्मन उत्तम येत असल्यामुळे पहारेकऱ्यांशी बोलून त्यांना गुंतवणं जमायचं, आणि त्याचा सहकारी फेलिक्स हाल्व्हरस्टाट कार्डांत फेरफार करायचा. नाव कागदावरून गेलं की ते मूल तिथे आलंच नव्हतं. वर्गात मुलांना हे आवर्जून सांगा, कारण धाडस म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते आणि इथे मुलं वाचली ती आधी कारकुनी कामामुळे.

पाळणाघराच्या शेजारी शिक्षक घडवणारं एक ख्रिश्चन कॉलेज होतं, आपल्याकडच्या डीएडसारखं, आणि योहान फान हुल्स्ट हे त्याचे तिशीतले प्रमुख. दोन्हींच्या मागच्या बागा लागून होत्या, मध्ये फक्त कुंपणाची झुडपं. त्या कुंपणावरून मुलं इकडे दिली जायची, वर्गात ठेवली जायची आणि मग विद्यार्थी, त्यातही बऱ्याच मुली, त्यांना घेऊन निघायच्या. तान्ही बाळं पाठीवरच्या पिशवीतून, कपड्यांच्या टोपलीतून, बटाट्याच्या पोत्यातूनसुद्धा गेली. पुढच्या दारानीही काढायचे, ट्राम येऊन समोर उभी राहिली की नाट्यगृहाच्या दारातल्या पहारेकऱ्याला पलीकडचं दिसायचं नाही, तेवढ्यात मुलाचा हात धरून बाहेर पडायचं, ट्रामच्या आडोशानी चालत राहायचं आणि पुढच्या स्टॉपवर चढायचं. आतल्या लोकांना कळायचं काय चाललंय ते. कोणी काही बोलायचं नाही.

अशी साधारण सहाशे मुलं वाचली. त्या दारातून आत आलेली मुलं हजारोंनी होती. पिमेंटेलबाईंना जुलै १९४३ मध्ये पकडून नेलं आणि सप्टेंबरमध्ये औशवित्झला मारलं. २९ सप्टेंबरला पाळणाघरच रिकामं केलं. ते बंद होणार हे कळल्यावर फान हुल्स्ट शेवटची मुलं आणायला गेले तेव्हा समोर ऐंशी-नव्वद मुलं उभी होती आणि त्यांतली किती न्यायची, कोणती न्यायची हे त्यांना तिथल्या तिथे ठरवायचं होतं. त्यांनी बारा नेली. पुढे ते खासदार झाले, प्राध्यापक झाले, २०१८ मध्ये १०७ व्या वर्षी गेले, आणि शेवटपर्यंत त्यांना विचारलं की ते वाचवलेल्यांबद्दल कमी आणि त्या मागे राहिलेल्या मुलांबद्दल जास्त बोलायचे. स्युसकिंडची बायको आणि लहान मुलगी औशवित्झला गेल्या, तोही परत आला नाही.

प्रश्न : मला दोन लहान मुली आहेत. तुमचा लेख वाचून रात्री झोप लागली नाही. आपलं मूल अनोळखी माणसाच्या हातात देऊन टाकायचं हे आईबापांना जमलंच कसं? खरं सांगतो, मी नसत्या दिल्या. (पिंपरी)

उत्तर : दादा, तुम्ही लिहिलंय तसंच तिथेही खूप बापांनी म्हटलं आणि त्यांचं मुलांवर प्रेम होतं म्हणूनच म्हटलं. आज आपल्याला औशवित्झ म्हणजे काय ते ठाऊक आहे. त्या नाट्यगृहात बसलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्याला सांगितलेलं असायचं की पूर्वेला कामाच्या छावणीत जायचंय. कष्ट असतील, थंडी असेल, पण कुटुंब एकत्र राहील, आणि लेकरू आपल्या नजरेसमोर असेल. आणि समोर कोण, तर पाळणाघरातली अठरा वर्षांची मुलगी, ती हळूच विचारतेय की तुमचं बाळ लपवायला देता का. कुठे नेणार, कोणाकडे ठेवणार, विचारलं तर उत्तर नाही, कारण तिलाही सांगितलेलं नसायचं, मुद्दामच. पुन्हा भेट होईल का, त्यालाही उत्तर नाही. विचार करायला एखादी रात्र.

ज्यांनी नाही म्हटलं त्यांची मुलं गाडीच्या वेळी त्याच मुलींना उठवून, कपडे घालून, रस्ता ओलांडून आईच्या हातात द्यावी लागायची. त्यांच्यापैकी ज्या वाचल्या त्यांनी म्हातारपणी सांगितलेलं ऐकलं तर हेच सगळ्यात जास्त येतं.

ज्यांनी हो म्हटलं त्यांचं काय, तर नोंदीतून नाव काढणं जमलं नसेल तर आईला ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली बाहुली द्यायचे. कडेवर मूल आहे असं दाखवत, त्याला थोपटत तिनी पहारेकऱ्यांसमोरून ट्रकमध्ये चढायचं. हे लिहितानाही मला पुढे काही सुचत नाही, त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही.

पोलंडमधल्या वॉर्साच्या घेटोतली, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतली, एक गोष्ट मात्र सांगते. १९४२ मध्ये तिथून सहा महिन्यांची एक मुलगी लाकडी खोक्यात घालून, विटांच्या गाडीतून बाहेर काढली, रडू नये म्हणून झोपेचं औषध देऊन. खोक्यात तिच्याबरोबर एक चांदीचा चमचा ठेवला होता, त्यावर तिचं लाडाचं नाव एल्झुन्या आणि जन्मतारीख, ५ जानेवारी १९४२. बाळाला सांभाळणारी एक ख्रिश्चन सुईण होती, तिनी तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, आणि आपण ज्यू आहोत हे त्या मुलीला सतराव्या वर्षी कळलं. एल्झबिएता फित्सोव्स्का हे तिचं नाव, पोलंडमध्ये पुढे त्या जाहीरपणे बोलत आल्या आहेत. आईबापांकडून त्यांना काय मिळालं तर तेवढा चमचा, तोच जन्माचा दाखला. म्हणजे बघा, मूल देणाऱ्या आईनी ‘विसरून जा’ असं म्हणून नव्हतं दिलं, ती परत शोधायची सोय करून ठेवत होती. घेटोतून मुलं बाहेर काढणाऱ्या इरेना सेंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्सात मुलांची खरी आणि खोटी नावं चिठ्ठ्यांवर लिहून बरणीत घालून पुरून ठेवली तीही याचसाठी, लढाई संपल्यावर कोणीतरी विचारत आलं तर सांगता यावं म्हणून.

प्रश्न : एकूण किती मुलं मारली गेली आणि किती वाचली? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

उत्तर : युरोपभरात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले, त्यांत मुलं १५ लाखांच्या आसपास. हॉलंडमध्ये १९४० साली सुमारे १,४०,००० ज्यू होते, त्यांपैकी १,०२,००० च्या वर मारले गेले. तिथे लपून वाचलेली मुलं अंदाजे चार हजार, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन हजार मुलांचे आईवडील परत आलेच नाहीत.

प्रश्न : आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. माझी आजी म्हणायची की तिकडे मुलगे लपवणं फार कठीण होतं. खरं का? (ठाणे)

उत्तर : आजींचं बरोबर होतं. तुमच्या घरी मुलाची आठव्या दिवशी सुंता होते तशी त्यांच्याकडेही व्हायची. आपल्या देशात सुंता मुसलमानांतही असते, त्यामुळे तेवढ्यावरून कोणी ज्यू ठरत नाही, पण पोलंडच्या ख्रिश्चन खेड्यात ज्यूंशिवाय कोणाची नसायचीच. म्हणजे मुलगा कितीही गोरा असो, कितीही अस्खलित पोलिश बोलो, चड्डी उतरवायला लावली की संपलं. वॉर्सात तर हाच धंदा करणारे होते, संशय आला की आडोशाला ओढून तपासायचे आणि पैसे उकळायचे, नाहीतर जर्मनांना द्यायचे. त्यामुळे घरात ठेवणारे लोक मुलगी चटकन घ्यायचे, मुलगा म्हटला की विचार करायचे. मुलग्यांनी नदीवर पोहायला जायचं नाही, दुसऱ्या मुलांबरोबर लघवीला उभं राहायचं नाही, आजारी पडलं तरी डॉक्टर ओळखीचाच हवा. काहींना फ्रॉक घालून मुलगी म्हणून वाढवलं.

दिसण्याचाही प्रश्न होता. हॉलंडमध्ये काळ्या केसांची मुलं शक्यतो दक्षिणेला लिम्बर्गकडे पाठवायचे कारण तिथे तसे केस लोकांना सवयीचे, आणि सोनेरी केसांची उत्तरेला फ्रीसलंडला. पोलंडमध्ये केस ब्लीच करायचे. डोळ्यांचं मात्र काय करणार, उदास डोळ्यांवरूनसुद्धा ओळखायचे म्हणे, म्हणून मुलांना शिकवायचे की रस्त्यात खाली बघून चालू नको, हसत चाल.

पोलंडमध्ये ज्यूला आसरा दिला तर घरातल्या सगळ्यांना देहदंड होता हे लक्षात ठेवून हे सगळं वाचायचं. हॉलंडमध्ये शिक्षा म्हणजे तुरुंग नाहीतर छावणी, आणि पकडून देणाऱ्याला रोख बक्षीस. एका माणसामागे साडेसात गिल्डर (तिकडचं तेव्हाचं चलन), पुढे ते वाढत ४० वर गेलं. मूल असलं तरी तेवढेच.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. लहान मुलांना नवीन नाव कसं काय लक्षात राहायचं? माझा भाऊ पाच वर्षांचा आहे, त्याला काही गुपित सांगितलं की तो पाच मिनिटांत सगळ्यांना सांगून टाकतो. (सोलापूर)

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला कारण मोठ्यांपैकी कोणालाच तो सुचला नाही. दीड-दोन वर्षांच्या बाळांचं सोपं होतं, ती जुनं नाव स्वतःच विसरून जायची. दहा-बारा वर्षांच्यांना धोका कळायचा. सगळ्यात अवघड तुझ्या भावाएवढी मुलं, चार ते सात वर्षांची, ज्यांना खरं नाव पक्कं माहिती आहे पण का लपवायचं ते नीट कळत नाही. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचे, तुझं नाव काय, गाव कुठलं, बाबा काय करतात. पोलंडमध्ये कॅथलिक प्रार्थना पाठ करून घ्यायचे आणि परीक्षा म्हणून रात्री झोपेतून उठवून म्हणायला लावायचे, कारण झोपेत माणूस घरची भाषा बोलतो आणि तिथेच पकडलं जाण्याची भीती. आणि खरं सांगू का, भीती हीच मोठी शिकवण होती. एवढी लहान मुलं गप्प बसायला शिकली, आणि मग पुढे कित्येक वर्षं त्यांना बोलताच येईना.

एकाचं सांगते. साउल फ्रीडलेंडर, १९३२ साली प्रागमध्ये जन्मलेला मुलगा, आईवडील त्याला घेऊन फ्रान्सला पळून आले होते. १९४२ मध्ये पकडापकड वाढली तेव्हा त्यांनी त्याला कॅथलिक मुलांच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि नाव पडलं पॉल-आंरी फेरलँ. आईवडील स्वित्झर्लंडच्या सीमेवर अडवले गेले, पुढे औशवित्झला मारले गेले. पोरानी नवीन नाव, नवीन धर्म इतका मनापासून घेतला की त्याला पाद्री व्हायचं होतं. मग १९४६ मध्ये एका पाद्रीनीच त्याला समोर बसवून औशवित्झ म्हणजे काय, तुझे आईवडील कसे गेले असतील ते सगळं सांगितलं, काही न लपवता. मला त्या पाद्रीबद्दल फार आदर वाटतो, कारण गप्प राहिला असता तर त्यांना एक चांगला पाद्री मिळाला असता. त्या मुलानी जुनं नाव परत घेतलं आणि तो याच काळाचा मोठा इतिहासकार झाला, २००८ मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

आणखी एक नाव लक्षात ठेव, एड फान टाइन. लपताना अठरा घरं बदलली, लढाई संपत आली असताना पकडला गेला, वेस्टरबोर्कच्या छावणीत होता तेव्हाच सुटका झाली. तो पुढे ॲमस्टरडॅमचा महापौर झाला.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला लढाईच्या वेळी पोलंडची मुलंबाळं होती, ती ज्यू होती का? वडील सांगायचे की ते लोक आमच्या बाजारात यायचे. (निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर)

उत्तर : नाही काका, वळिवड्याचे जवळजवळ सगळे कॅथलिक. त्यांच्यावर संकट आणलं ते हिटलरनी नाही तर रशियानी, १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून त्यांना उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे टाकलं होतं. १९४२ मध्ये पोलिश सैन्याबरोबर ते इराणला आले आणि तिथून जगभर विखुरले, त्यांतले सुमारे पाच हजार १९४३ ते १९४८ वळिवड्याला राहिले. महावीर गार्डनमधला त्यांचा स्मृतिस्तंभ तुम्ही पाहिला असेलच.

पण तुमच्या प्रश्नाला एक धागा आहे. त्याच वाटेनी, त्याच सैन्यामागून तेहरानला पोचलेल्यांत जवळजवळ हजार ज्यू मुलं होती, बहुतेक अनाथ किंवा आईनीच पोलिश अनाथाश्रमात सोडलेली, का तर तिथे निदान भाकरी मिळेल आणि देशाबाहेर काढतील. त्यांना पॅलेस्टाइनला न्यायचं होतं, जमिनीवरची वाट मिळेना, म्हणून इराणहून बोटीनी कराचीला आणलं, तेव्हा कराची आपल्याच देशात होतं, आणि तिथून पुन्हा बोटीनी सुएझ आणि पुढे रेल्वेनी. १८ फेब्रुवारी १९४३ ला ती पॅलेस्टाइनमधल्या आटलिटला उतरली. तेहरानची मुलं म्हणूनच त्यांना इस्रायलमध्ये ओळखतात.

प्रश्न : तुमच्या लेखात मुलांना ठेवून घेणारे सगळे देवमाणूस वाटतात. सगळेच तसे होते का? आणि लढाई संपल्यावर त्या मुलांचं काय झालं, ते तुम्ही लिहिलंच नाही. (पुणे)

उत्तर : सगळे तसे नव्हते. खूप जण होते, अगदी गरीब शेतकरी, खाणीत काम करणारे, आठ पोरांत नववं वाढवणारे. पण महिन्याचे पैसे थांबल्यावर मूल परत नेऊन द्या म्हणणारेही होते, फुकटचा गडी म्हणून राबवणारे होते, मारणारे होते, मुलींना हात लावणारे होते. त्या मुलांना तक्रार करायला जागाच नव्हती, कारण ज्याच्याविरुद्ध सांगायचं त्याच्याच हातात जीव. आणि पुढेही त्यांनी सांगितलं नाही, ज्यांनी वाचवलं त्यांच्याबद्दल वाईट कसं बोलायचं म्हणून.

मला स्वतःला विचाराल तर लढाईनंतरचा भाग जास्त त्रास देतो. मे १९४५ ला हॉलंड मोकळं झालं. समजा एक मूल सव्वा वर्षाचं असताना दिलं, आता ते चार वर्षांचं आहे, घरातल्या बाईंना आई म्हणतं, रविवारी चर्चला जातं, आणि एक दिवस दारात हाडं निघालेली बाई येऊन उभी राहते आणि म्हणते मी तुझी आई. ते मूल रडत पदराआड लपतं, आणि कोणाच्या, तर सांभाळणाऱ्या आईच्या. त्या परत आलेल्या बाईचा नवरा गेलेला, माहेर गेलेलं, जे एक उरलंय ते ‘मला हिच्याकडे जायचं नाही’ म्हणतंय. अशा कितीतरी घरांत तीन जणांची मनं एकदम मोडली, आणि चूक कोणाचीच नव्हती.

ज्यांचं कोणीच आलं नाही त्यांच्यासाठी हॉलंड सरकारनी १९४५ मध्ये एक कमिशन नेमलं, मूल सांभाळणाऱ्यांकडे ठेवायचं की ज्यू नातेवाइकांकडे, ज्यू संस्थांकडे द्यायचं हे ठरवायला. प्रमुख होत्या खेसिना फान डर मोलन, कट्टर प्रोटेस्टंट कायदेतज्ज्ञ, स्वतः जिवावर उदार होऊन मुलं वाचवण्याच्या कामात असलेल्या. त्यांचं म्हणणं मुलाला रुजलेल्या घरातून पुन्हा उपटू नका. ज्यू सदस्यांचं म्हणणं, आमचे लाखभर लोक मेले, जी मुलं उरली तीही दुसऱ्या धर्मात गेली तर आमचं राहिलं काय, आणि आईबापांनी ती लपवायला दिली होती, देऊन टाकली नव्हती. फार कडवट वाद झाले. मी आधी नेहमी मुलाच्या बाजूनी म्हणजे त्याच घरी राहू द्या असा विचार करायचे, पण वाचत गेल्यावर त्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं वाक्य मला खोडता येत नाही. आनेके बेकमन म्हणून एक मुलगी होती, तिला सांभाळणाऱ्या कॅथलिक बायकांनी कोर्टाचा निकाल विरुद्ध गेल्यावर तिला पुन्हा लपवलं, या वेळी ज्यूंपासून, आणि ती जगासमोर आली ती २१ वर्षांची होऊन, १९६१ मध्ये.

या मुलांचा सगळ्यात नीट अभ्यास केला तो हान्स काइलसन या मानसोपचारतज्ज्ञांनी. ते स्वतः जर्मनीतून पळालेले ज्यू, त्यांचे आईवडील औशवित्झला गेले. लढाईत हॉलंडमधल्या डेल्फ्टला खोट्या नावानी राहायचे आणि गुप्तपणे फिरून लपलेल्या मुलांना भेटायचे, कोण अंथरूण ओलं करतंय, कोण बोलायचं थांबलंय. नंतर त्यांनी दोनशेच्या वर अनाथ मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला आणि १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांनी मुलांच्या हालांचे तीन टप्पे धरले, एक छळ सुरू झाला तो काळ, दुसरा आईबापांपासून तुटून लपण्याचा किंवा छावणीचा, आणि तिसरा लढाईनंतरचा. आढळलं असं की पुढे मूल कसं झालं हे ठरवण्यात तिसऱ्या टप्प्याचा वाटा सगळ्यात मोठा. लढाईत भयंकर भोगलेलं पण नंतर समजून घेणाऱ्या माणसांत वाढलेलं मूल, हे लढाईत बऱ्या घरी राहिलेल्या पण नंतर फरफट झालेल्या मुलापेक्षा सावरलेलं होतं. आज कुठल्याही लढाईतून सुटून आलेल्या मुलांबद्दल आपण ‘वाचली ना, मग झालं’ असं जे म्हणतो ते म्हणूच नये, यासाठी मला याहून ठोस पुरावा माहीत नाही.

त्या मुलांना मात्र हेच ऐकावं लागलं. तू लहान होतीस, तुला काय आठवतंय. छावणीत तर नव्हतास ना, मग नशीबवान आहेस. आपल्याच लोकांकडून. म्हणून ती चाळीस-पंचेचाळीस वर्षं गप्प राहिली, संसार केले, नोकऱ्या केल्या, नवऱ्याला बायकोला सांगितलं नाही. मे १९९१ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा लपलेल्या मुलांचं संमेलन झालं तेव्हा सोळाशेच्या आसपास माणसं आली, पन्नाशी-साठीची. तिथे प्रथमच त्यांना कळलं की आपल्यासारखे एवढे जण आहेत.

प्रश्न : मे महिन्यात मुलाकडे नेदरलँड्सला जातोय. या जागा बघता येतात का? दहा वर्षांचा नातू बरोबर असेल. (डोंबिवली)

उत्तर : हो, जरूर बघा. ज्या कॉलेजच्या बागेत कुंपणावरून मुलं यायची त्याच इमारतीत मार्च २०२४ पासून राष्ट्रीय होलोकॉस्ट म्युझियम आहे आणि समोरचं नाट्यगृह स्मारक म्हणून ठेवलंय, दोन्ही एकाच रस्त्यावर. तिथून चालत थोड्या अंतरावर २०२१ मध्ये झालेलं नावांचं स्मारक आहे, १,०२,००० च्या वर विटा आणि प्रत्येक विटेवर एकेका मेलेल्या माणसाचं नाव, जन्मतारीख आणि वय. नातवाला आधी घरी थोडं सांगून न्या, एकदम नेऊ नका, आणि म्युझियमचं सगळं त्याला दाखवायलाच हवं असं नाही, त्या वयाला पाळणाघराची आणि ट्रामची गोष्ट पुरे. निघण्यापूर्वी तिकीट ऑनलाइन काढून ठेवा, मे महिन्यात गर्दी असते.